शास्त्र खरं, वक्त खोटा

परंड्यात कुणाच्या घरी बाळंतपण निघालं की दोन माणसं हमखास हजर होत. एक सुईण आणि दुसरे दत्तोपंत पेशकार. सुईण आत जाई. दत्तोपंत उपरण्यात गुंडाळलेलं गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन बाहेर ओट्यावर ठाण मांडत. आत बाईचा जीव वरखाली होत असे, बाहेर नवरा येरझारा घालत असे आणि हे गृहस्थ त्यालाच दटावत, "जरा एका जागी बसा की हो! टिकटिक ऐकू येईना मला."

पोराचं पहिलं रडणं कानावर आलं की घड्याळ डोळ्यांपाशी नेऊन ते वेळ मोठ्यानं म्हणत. गल्लीतलं कुणीतरी विचारी, "काय झालं, पेशकारसाहेब?"

"मकर लग्न झालं."

"तसं न्हाय, मुलगा का मुलगी?"

"ते आत विचारा. ते काय माझं काम आहे?"

एवढं बोलून ते घड्याळ उपरण्यात गुंडाळत आणि घरी जात. या माणसाला कुणी बोलावत नसे आणि हाकलूनही देत नसे. पुढं पुढं तर ते ओट्यावर दिसले नाहीत की घरातल्या म्हाताऱ्यांनाच चुकल्यासारखं वाटू लागलं.

दत्तोपंत मूळचे जळकोटचे. निजामाच्या राज्यात ते कळंबच्या तहसिलीत पेशकार होते, म्हणजे तहसीलदारासमोर कागद मांडणारे कारकून. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कचेरीतलं उर्दू गेलं आणि त्या धांदलीत त्यांची बदली परंड्याला झाली. निवृत्त झाल्यावर ते इथंच राहिले. मी हायस्कुलात शास्त्र शिकवायला आलो तो त्यांच्या शेजारच्या खोलीत. त्यांच्या घरात माणसं दोनच, ते आणि त्यांची विधवा बहीण गोदूताई. दत्तोपंतांनी लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माझी स्वतःची वेळच पक्की न्हाई. कुणाच्या पोरीला कामून फसवू?"

उर्दू कचेरीतून गेलं तरी दत्तोपंतांच्या जिभेवरून गेलं नव्हतं. वेळेला ते वक्त म्हणत आणि त्यांचा एक ठरलेला मंत्र होता, "शास्त्र खरं, वक्त खोटा." कुणी सांगावं की जोशीबुवांनी मला नोकरीत बढती सांगितली होती आणि साहेबानं उलट भूमला हाकललं. दत्तोपंत हाताची घडी घालून म्हणत, "शास्त्र खरं, वक्त खोटा. तुम्ही कधी जन्मला ते सांगितलं कुणी?" "आईनं." "आईला त्या वेळी घड्याळ बघायची शुद्ध होती का?"

त्यांचं म्हणणं असं, की परंड्यातली एकही पत्रिका विश्वासाची नाही. कारण जुन्या काळी गावाला वेळ कळे ती कचेरीच्या तासावरून, आणि तो तास वाजवी खजिन्यावरचा पहारेकरी चाऊस. माणूस मोठा दिलदार, पण उन्हाळ्यात दुपारी त्याचा डोळा लागे. जाग आली की राहिलेला तास तो इमानानं वाजवून टाकी. "इमान होतं, पण वक्त गेला होता," दत्तोपंत म्हणत. "ह्या गावच्या निम्म्या लोकांची साडेसाती चाऊसच्या झोपेनं ठरवलीय, मास्तर. शनीला उगीच बदनाम करतात."

मी शास्त्राचा मास्तर. ज्योतिष म्हणजे शुद्ध थोतांड, हे माझं मत मी मागितल्याशिवायही देत असे. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आमची रोज जुंपायची. मी जुळ्यांचा मुद्दा काढला की ते म्हणत, "दोघांच्या मधे वेळ जातो का न्हाई? तेवढ्यात नशीब फिरतं." मी म्हणे, "अहो, असं म्हटल्यावर तुमचं शास्त्र कधी चुकणारच नाही!" त्यावर ते समाधानानं मान हलवत, "तेच तर मी सांगतोय."

शेवटी मी एक प्रयोग केला. एका कागदावर भविष्य लिहिलं. तुम्ही दुसऱ्यांसाठी झिजता, पण त्याची जाण कुणी ठेवत नाही. वरून कठोर दिसता, पण मन हळवं आहे. मनातलं बोलावं असं माणूस तुम्हाला अजून भेटलेलं नाही. याच्या नकला करून मी शाळेतल्या मास्तरांना एकेकट्याला गाठून वाचायला दिल्या आणि तुमचीच पत्रिका पाहून केलंय म्हणून सांगितलं. सगळ्यांना ते तंतोतंत पटलं. ड्रिलच्या मास्तरांनी तर चेहरा फिरवून नाक शिंकरलं. हेडमास्तर म्हणाले, "हा जोशी कुठं बसतो? आमच्या घरातल्यांना दाखवायचंय."

मी विजयी वीरासारखा ओट्यावर आलो आणि सगळी हकीकत सांगून कागद वाचून दाखवला. वाटलं, आता तरी म्हातारा शरण येईल. तर दत्तोपंतच पोट धरून हसले. "शाब्बास, मास्तर! अहो, मी तरी दुसरं काय म्हणतो? ह्यात वक्त कुठंय? वक्ताशिवाय सांगितलेलं भविष्य कुणालाही बसतंच."

तेवढ्यात दारातून गोदूताईंचा आवाज आला. त्या चहा ठेवायला आल्या होत्या आणि तशाच उभ्या होत्या.

"मास्तर, ते एकदा पुन्हा वाचा की."

मी पुन्हा वाचलं. त्या चहा ठेवून आत गेल्या. आम्ही चहा प्यायलो, पण त्या दिवशी वाद काही रंगला नाही.

त्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या कुसुमच्या लग्नाचं निघालं. तिचे वडील गोविंदराव पोस्टात होते. मुलगी देखणी, कामसू, सातवी शिकलेली, पण पत्रिकेत सातव्या घरात मंगळ. सातवं घर नवऱ्याचं, तिथं मंगळ म्हणजे नवऱ्याच्या जिवाला धोका असं लोक मानत. त्यापायी तिची स्थळं मोडत चालली होती. पाणवठ्यावर बायका कुजबुजू लागल्या होत्या आणि कुसुम आडावर एकटीनं, भर उन्हात जाऊ लागली होती. अशात कुर्डुवाडीचं एक चांगलं स्थळ आलं. मुलगा पाहून गेला, त्याला कुसुम पसंत पडली, कुसुमलाही तो आवडला हे आमच्यासारख्या परक्यालाही दिसलं. मग त्यांचे जोशीबुवा पत्रिका बघायला आले आणि त्यांनी तीच मान हलवली जी गोविंदरावांना आता पाठ झाली होती.

त्या बैठकीला शेजारी म्हणून मीही होतो. मुलाचे वडील पागोटं सावरत उठायच्या बेतात होते. गोविंदराव म्हणाले, "बुवा, काही तोड न्हाई का? पोर गुणाची आहे हो!"

"गुणाचं मी कुठं न्हाई म्हणतो? पण मंगळ समोर दिसतोय."

एवढ्यात दारातून आवाज आला, "जन्म कधीचा धरलाय?"

दत्तोपंत. घड्याळ काखेत.

"दुपारी तिनाचा तास पडला तेव्हाचा," जोशीबुवा म्हणाले.

"कुठला तास? कचेरीचा? तो तास खोटा आहे." दत्तोपंत आत येऊन बैठकीच्या मधोमध बसले. "मी त्या दिवशी त्याच कचेरीत हजर होतो. चाऊस झोपला होता. म्या स्वतः त्याला उठवला. तिनाचा तास पडला तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. ही माझी गवाही. कुठंही शपथ घ्यायला लावा."

जोशीबुवांनी पुन्हा आकडेमोड सुरू केली. पत्रिकेचं पहिलं घर म्हणजे लग्न, जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास. वेळ पुढं सरकली आणि ती रास बदलली की सगळ्याच ग्रहांची घरं बदलतात. अर्ध्या तासानं नेमकी ती बदलत होती. सातव्यातला मंगळ सहाव्यात गेला.

"सहावा मंगळ," दत्तोपंत म्हणाले, "म्हणजे शत्रूंचा नाश. ही पोर ज्या घरी जाईल त्या घराकडं वाकड्या नजरेनं बघायची कुणाची छाती न्हाई. खरं का न्हाई, बुवा?"

बुवांना ते कबूल करावं लागलं, कारण पोथीत तसंच होतं. मुलाचे वडील पुन्हा टेकून बसले. आतून सुपारी आली.

गोविंदरावांनी दत्तोपंतांचे पाय धरले. "पेशकारसाहेब, मी तुमचं काय देणं लागतो ते सांगा."

"काही नको. फक्त हळदीला गोदूला बोलवा."

गोविंदरावांचा चेहरा जरा उतरला. त्या काळी हळदीला विधवेला बोलावत नसत. सवाष्णींचं काम ते. पण आतल्या दाराशी उभी असलेली कुसुमच म्हणाली, "मीच येते बोलवायला, काका."

संध्याकाळी ओट्यावर मी दत्तोपंतांना पकडलं. "पेशकारसाहेब, कुसुम जन्मली तेव्हा निजामाचं राज्य होतं. तुम्ही तेव्हा कळंबला होता. परंड्याला आलात ते पोलीस ॲक्शननंतर."

"बरं मग?"

"मग चाऊसला उठवला कुणी?"

ते घड्याळाला चावी देऊ लागले.

"गोदूचा नवरा तापानं गेला," ते म्हणाले. "संसार धड सुरूसुद्धा झाला नव्हता. तेराव्याला सासऱ्यानं जोशी बोलावला, हिची पत्रिका काढली आणि चारचौघांत म्हणाला, हे बघा, हिच्यात लिहिलंयच, हिनं खाल्ला माझा पोरगा. गोदू कोपऱ्यात बसली होती. केवढी होती हो ती! मला तेव्हा बारा राशींची नावंसुद्धा धड येत न्हव्हती. पण मी उठलो आन् म्हणालो, पत्रिका खोटी आहे. आमच्या जळकोटच्या पाटलांचं घड्याळ चुकीचं होतं, त्यावरून वेळ धरली होती. सासरा म्हणाला, सिद्ध कर. मला काय येत होतं सिद्ध करायला? तिला घेऊन घरी आलो आन् मग शिकत बसलो."

"आणि सिद्ध झालं?"

"झालं की. पण तोवर ऐकायला सासरा राहिला न्हव्हता."

माझ्याकडं जुळ्यांचा मुद्दा होता, ताऱ्यांच्या अंतराचा होता, सगळे होते. त्यातला एकही काढावासा वाटला नाही. मला त्या माणसाविषयी विलक्षण जिव्हाळा वाटला.

हळदीच्या दिवशी कुसुम खरंच आली आणि गोदूताईंचा हात धरून त्यांना घेऊन गेली. पाहुण्या बायकांपैकी काहींनी पदर तोंडाला लावला. कुसुमनं सरळ गाल पुढं केला. गोदूताईंनी आधी बोटाच्या टोकानं आणि मग सगळ्या हातानं तिला हळद लावली. दत्तोपंत मांडवाबाहेर घड्याळाकडं बघत उभे होते. मुहूर्ताला अजून अवकाश होता, मग एवढं काय बघत होते कोण जाणे.

दुपारी मी त्यांच्याकडं गेलो तर ते ओट्यावर लवंडले होते. गोदूताईंनी मला आत चहा दिला. न राहवून मी विचारलं, "ताई, तुमच्या जन्माच्या वेळी पाटलांचं घड्याळ खरंच चुकलं होतं का हो?"

त्यांनी ओट्याकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, ते घड्याळ पाटलांच्या लेकाला लग्नात आलं. मी तवा परकर नेसून ते बघायला गेले होते. माझ्या जन्माला गावात घड्याळच न्हव्हतं. गुरं घरी यायच्या वक्ताला झाले, एवढंच आई सांगायची."

"मग दादांना कधी बोलला नाहीत?"

"कशाला? चारचौघांत माझ्यासाठी उभं राहिलेलं एकच माणूस, मास्तर. ते काय म्हणून उभं राहिलं, ते मी कशाला तपासू?"

बाहेर दत्तोपंतांना जाग आली होती. त्यांनी झोपेतल्या आवाजात हाक मारली, "गोदू, बघ गं, वक्त काय झाला?"

भिंतीवरचं घड्याळ गोदूताईंच्या अगदी समोर होतं. त्यांनी त्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"घड्याळाचं काय खरं हाय, दादा," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बघून सांगा."

आणि ओट्यावरून खुशीत उत्तर आलं, "थांब, सांगतो." गोदूताई कप विसळायला वळल्या. त्यांच्या नखांत हळद अजून तशीच होती.