बापूंची गप गाडी

बापू हवालदार कुणाच्याही घरी गेले, की आधी दार हलवून बघत. आपण 'या, बसा' म्हणेपर्यंत त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तेलाची कुपी काढून बिजागरीत दोन थेंब सोडलेले असत. मग दार पुढे-मागे करत, डोळे मिटून, ते कान देऊन उभे राहत. काहीच ऐकू आलं नाही, की चेहरा खुलायचा. "कुरकुर म्हंजे वाया गेलेलं बळ, मास्तर," म्हणत ते घोंगडीवर टेकत. आमचा पाळणा, शेजारचा रहाट, देवळाचा दरवाजा, सगळं त्यांनी मुकं करून टाकलं होतं. एकदा शाळेच्या घंटेकडे ते फार वेळ बघत राहिले, तेव्हा मात्र मी हात जोडले.

मी मूळचा साताऱ्याचा. बदली होऊन तासगावजवळच्या त्या गावात आलो, तेव्हा दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली म्हणायची सवय अजून लोकांना लागायची होती. बापू माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. उमेदीची सगळी वर्षं फौजेच्या मोटारींखाली आडवं पडून काढलेली. आता पेन्शन, एकट्याचं घर आणि गोठ्यात पाखऱ्या नि हरण्या ही बैलजोडी. माणसाला इतकं पुरे. पण बापूंना जत्रेतल्या शर्यतीत छकडा पळवायचा होता, आणि त्या छकड्याला आस कोणता बसवायचा हे काही केल्या ठरत नव्हतं.

आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. इतर लोक तो सुताराकडून करून घेतात आणि विसरून जातात. बापूंच्या अंगणात मात्र भिंतीला टेकून नाना तऱ्हेचे आस उभे होते. संध्याकाळी ते एकेकावर पळीनं ठोकत आणि मलाही ऐकायला लावत. मला सगळ्यांतून एकच 'ठण्' ऐकू यायचं. "शिकलेला माणूस हायसा, कान कुठं ठेवलासा?" ते कळवळून म्हणायचे.

शेवटी दोन आस उरले. एक धोंडीबा सुतारानं घडवलेला, बाभळीचा, हलका. पण पळताना खडखडणारा. दुसरा फौजेच्या भंगारातून आणलेल्या जीपचा मागचा आस. त्याच्या मधल्या गोळ्यातले दाते बापूंनी काढून टाकले होते, टोकांना बेअरिंग होतं, वर रबरी चाकं चढणार होती.

"हवालदार, जड हाय त्यो," धोंडीबा म्हणायचा.

"जड हाय, पण गप हाय!"

"शर्यत गप बसून जिकत्यात व्हय रं देवा?"

बापूंची नजर गावाबाहेरच्या माळावर लागलेली असे. "बैल म्होरं पळत्याली," ते हळूच म्हणायचे, "आन् गाडी मागनं ढगावानी येईल. आवाज न्हाई, हिसका न्हाई. एकदा तरी गावानं बगावं, मास्तर." ते असं बोलू लागले, की मलाही ती गाडी जमिनीपासून बोटभर वर दिसायची.

जत्रेच्या आदल्या दिवशी जीपचा आस बसला. बापूंनी बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढली. जत्रेच्या दिवशी, बेअरिंगात धूळ जाऊ नये म्हणून छकडा माळापर्यंत आम्ही उचलून नेला. धोंडीबा वाटभर मला ऐकू येईल अशा बेतानं पुटपुटत होता. बैल जुंपले ते थेट शर्यतीच्या रेषेवरच.

निशाण पडलं. बाकीच्या गाड्या खडखडाट करत धुरळ्यात गेल्या. पाखऱ्या-हरण्या चार पावलं चालले आणि थांबले. दोघांनीही माना वळवून मागं पाहिलं. बापूंनी हाळी दिली. आणखी चार पावलं झाली आणि पुन्हा माना मागं. आयुष्यभर चाकांचा खडखडाट पाठीशी घेऊन पळालेली ती जनावरं, त्यांना आपण गाडी ओढतोय हेच पटेना!

माळ हसून लोटपोट झाला. "चाबूक घाल की रं बापू!" कुणीतरी ओरडलं. बापू खाली उतरले. दोन्ही बैलांच्या मधे उभे राहून त्यांनी त्यांच्या मानेवर हात ठेवले.

"मारू कशाला?" ते म्हणाले. "मागं कोन हाय का न्हाई, त्यास्नी कळंना झालंया."

परत येताना बैल सोडून मोकळा छकडा धोंडीबानं ओढत पुढं नेला. बापू कासरे धरून चालत होते, मी मागं. ऊन कलतं झालं होतं. बैल पुन्हापुन्हा थबकत होते, आणि बापूही.

"आमची मंडळी हुती तवा," ते मागं न बघता म्हणाले, "घरात तिची जोडवी वाजायची. म्या म्हनायचो, काय गं ही कटकट. आता घर लय गप हाय, मास्तर. उठायचं कशाला, चालायचं कशाला, काय कळत न्हाई बगा."

मी मान खाली घालून चालत राहिलो.

"आवं, गप का?" बापू म्हणाले. "बोलत ऱ्हावा की मागनं. काय बी बोला."

मग मी बोलू लागलो. शाळेचं गळकं छप्पर, बायकोचं बिघडलेलं लोणचं, साताऱ्याहून येताना बंद पडलेली एसटी, तोंडाला येईल ते. बैलांचे कान आधी मागं वळले, मग सरळ झाले. बापूंचीही पावलं झपझप पडू लागली. गाव येईपर्यंत मी थांबलो नाही.