वाळलेल्या तुरीची राखण

अनुसयाकाकू वाळलेली तूर रोज वाळत घालायच्या. दिवाळी सरली की थेट होळीपर्यंत, तीच तूर. दाताखाली धरली तर दातच हलावा अशी कडकडीत.

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, आणि आमच्या चिखलीच्या गल्लीचा या एकट्या विधवा बाईकडून. मी शाळेत मास्तर, त्यांच्या शेजारीच बिऱ्हाडाला. अंगणात चादरीवर तूर पसरली की काकू गल्लीतली म्हातारी माणसं गोळा करायला निघत.

"आबाजी, उठा! चिमण्या तूर खाऊन राह्यल्या, अन् तुमी गोधडीत काऊन?"

चिमणीच्या चोचीत तुरीचा दाणा मावतो तरी का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. आबाजी काठी घेऊन निघत. ऊन सरकलं की काकू चादर ओढत, आणि चादरीमागून सगळे राखणदार सरकत.

मी एकदा म्हणालोच, "काकू, तूर वाळलीय की!"

"मास्तर, तूर कोण वाळवते? ऊन खाल्लेल्या हाडाले ताप भेते. पण नुसतं 'उन्हात बसा' म्हटलं तर कोणी बसते का? काम सांगावं लागते!" मग आवाज उतरला. "मानमोडीच्या तापाच्या साथीत सासूले मी दार लावून निजवलं. 'मले उन्हात ने' म्हने. नाई नेलं."

आणि लगेच चादर ओढायला गेल्या.

एका हिवाळ्यात घरोघर ताप आला. आबाजीही तापले, पण उठले आणि पुन्हा तुरीवर हजर. "पाहा!" काकू म्हणाल्या, जणू ताप त्यांनीच हाकलला होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं. आता डॉक्टर उन्हातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतात, तेव्हा मुकाट गिळतो.

पुढे राखणदार वयानं एकेक करून गेले. आबाजी शेवटचे. त्या थंडीत तूर अंगणात आलीच नाही. दार लोटलेलं, आत काकू गोधडीत खोकत पडलेल्या.

"काकू, जरा उन्हात बसा."

"कोनासाठी मास्तर? राखाले कोन उरलं?"

मी घरी जाऊन सूपभर तूर आणली.

"काकू, आमची तूर ओली राहिली. मला शाळेला उशीर होतोय. लक्ष ठेवाल?"

काकूंनी एक दाणा दाताखाली धरला. कट्‌कन वाजलं.

"हाव," काठी शोधत त्या म्हणाल्या, "लयच ओली हाये. पसरा."