तिप्पट गुणांचं घर

चष्म्याच्या ज्या दुकानात तो कामाला होता, तिथे त्याला सगळे ‘जोडाक्षर’ म्हणत. अक्षरांचे ठोकळे मांडून शब्द बनवायच्या खेळात हा पठ्ठ्या स्वतः नवा शब्द क्वचितच मांडायचा. दुसऱ्याने घाम गाळून ‘सरकार’ लिहिलं, की हा आधी ‘अ’ आणि शेवटी ‘क’ चिकटवून ‘असरकारक’ करणार आणि सगळे गुण खिशात घालणार.

त्यामुळे लग्नाची तारीख ठरवायला आईला घेऊन तो होणाऱ्या सासऱ्यांकडे गेला आणि चहानंतर त्यांनी नेमका तोच खेळ काढला, तेव्हा याने मनातल्या मनात विजयाचा हारही गळ्यात घालून घेतला. सासरे वकील. आज त्यांना शब्दांतच गार करायचं, हे पक्कं झालं.

तो, आई, वकील आणि त्यांची लेक, असा चौघांचा डाव रंगला. आईने एका कोपऱ्यात ‘कार’ लावलं. मग वकिलांनी त्याच्याकडे कौतुकाने बघत मधल्या ओळीत ‘जावई’ मांडलं.

त्याच्याकडे ‘घ’ आणि ‘र’ होते. ‘जावई’च्या आधी दोन घरं रिकामी, त्यातलं टोकाचं लाल, तिप्पट गुणांचं. त्याने अक्षरं ठेवली. घरजावई.

आईने कप खाली ठेवला. “हा विचार कधीपासूनचा?”

तो गुण मोजण्यात गुंग. “जावई दिसला तेव्हापासूनचा. त्या घरावर डोळाच होता माझा. तिप्पट मिळतंय, सोडतो कशाला?”

आईचा चेहरा उतरला. तुझ्या खोलीला कालच रंग दिलाय, एवढंच पुटपुटत ती पर्स शोधू लागली. वकिलांना मात्र गहिवरून आलं. एकुलती एक लेक डोळ्यांसमोर राहणार! ते तडक वरच्या खोलीची किल्ली आणायला गेले.

आता खरं तर दोन वाक्यांत उलगडा झाला असता. पण जोडाक्षराचा जिभेपेक्षा ठोकळ्यांवर भरवसा जास्त. पाळी कुणाची हेही न बघता त्याने आईच्या ‘कार’आधी ‘न’ ठेवला. घरजावई व्हायला नकार, हे तिला तिच्याच शब्दातून कळलं. पर्स पुन्हा खुर्चीवर गेली.

तेवढ्यात वकील किल्ली घेऊन उतरले. त्यांनी पटावरचा ‘नकार’ वाचला आणि ते मटकन सोफ्यावर बसले.

“लग्नालाच?”

तेव्हा कुठे हा घाबरला. तिन्ही ठोकळे दोन्ही हातांनी उचलून त्याने खेळातलं घर, राहायचं घर आणि लाल घर यांतला फरक घसा कोरडा होईस्तोवर समजावला.

त्याची होणारी बायको इतका वेळ गंमत बघत होती. “उचललंस ना?” ती म्हणाली. “मग ते गुण गेले. आता माझी पाळी.”

तिने ‘जावई’च्या पुढे ‘बा’ आणि ‘पू’ ठेवले. लाल घर त्या टोकालाही होतंच. जावईबापू!

आधी आई हसली, मग वकिलांनी हळूच किल्ली खिशात टाकली. तारीख तिथेच ठरली.

घरी जाताना त्याचा रुबाब परत आला. सासऱ्यांचा मान राहावा म्हणून आपण मुद्दाम हरलो, असं त्याने आईला सांगितलं.

“बरं केलंस,” आई म्हणाली. “पण ते तिसरे आले. दुसरी मी.”