खांबेटे आणि पेरूचं कापड

खांबेटे कापड कापू देत नसत. सिंगापुरात तांजोंग पगारच्या एका बँकेत चांगल्या हुद्द्यावरचा माणूस, पण पासिर रिसला आमच्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमधले पडदे हातभर जमिनीवर लोळायचे. गणपतीच्या उद्‌घाटनाला तर त्यांनी पाहुण्यांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि फितीची गाठ नखांनी सोडवत बसले. पाहुणे ताटकळले.

"वहिनी, अँडीजच्या डोंगरातले जुने विणकर कापड चारही काठांनिशी पुरं करून मागावरून उतरवायचे. त्याला कात्री म्हणजे जीव घेणं," ते मला लिफ्टमध्ये सांगायचे. काठाला उलट्या पिळाचा दोरा का, तर बाधा होऊ नये म्हणून. पायऱ्यांची नक्षी म्हणजे डोंगर. "कापड मुकं नसतं," हे पालुपद लिफ्ट खाली पोचेपर्यंत चालायचं. हे सगळं पेरू देशातलं, म्हणून माझा नवरा सुहास त्यांना नुसतं 'पेरू' म्हणायचा.

मग सार्सची साथ आली. सुहासच्या ऑफिसातला एक जण आजारी पडला आणि पाठोपाठ सुहासला ताप भरला. नखशिखान्त झाकलेली माणसं त्याला ॲम्ब्युलन्समधून घेऊन गेली. मला घराबाहेर पडायला बंदी. हॉलमध्ये कॅमेरा बसवला; फोन आला की त्याच्यासमोर उभं राहायचं. हॉस्पिटलात भेटायला कुणालाच सोडत नव्हते. शेजारी आमच्या दारावरून जायचं टाळू लागले.

खांबेटे मात्र रोज संध्याकाळी दाराशी डबा ठेवत, मास्क लावून कॉरिडॉरच्या टोकाला स्टूल टाकत आणि जाळीच्या दारातून मला कापड समजावत. मी अर्धवट ऐकायची.

एका दुपारी हॉस्पिटलातून कळलं, सुहासला ऑक्सिजन लावलाय. संध्याकाळी खांबेटे सांगायला लागले, की तिथल्या वाळवंटातल्या थडग्यांत माणसं सापडतात, बसलेली, थरावर थर कापडात गुंडाळलेली.

"खांबेटे, पुरे," मी म्हणाले. "माझा नवरा तिथे श्वासासाठी धडपडतोय आणि तुम्ही मला मढी दाखवताय?"

ते उठले. स्टूल उचललं, परत ठेवलं.

"चुकलंच माझं." मग परत बसत म्हणाले, "आमची ही, सुनीता, पुण्यात अचानक गेली, तेव्हा मी बँकेच्या कामाला पेरूत होतो. पोचेपर्यंत सगळं उरकणार होतं. विमानाला अवकाश होता, कुठे जावं कळेना, म्हणून एका म्युझियममध्ये शिरलो. तिथे ती कापडं. कुणीतरी आपल्या माणसासाठी महिनोन्‌महिने विणलेली. त्याला तसंच जाऊ दिलं नव्हतं. मला तिच्या अंगावर साधी साडी घालता आली नाही, वहिनी."

तेवढ्यात फोन वाजला. आम्ही दोघंही ताठ झालो. कॅमेऱ्याची तपासणी होती.

"तुम्ही जा आता," मी म्हणाले.

"हॉस्पिटलचा फोन येईपर्यंत बसतो."

तो आला तेव्हा ते बसलेलेच होते. सुहासचा ताप थोडा उतरला होता.

सुहास घरी आला तो गालफडं बसलेला. खांबेटे त्यांच्या दारात उभे होते, पुढे यावं की नाही या विचारात. सुहासनेच हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि सोडेचनात.

"गरम आहे," ते पुटपुटले. मग घाईघाईने म्हणाले, "म्हणजे ताप नाही. असायला हवा तसा गरम."