देवमनभाऊंच्या छातीवरचं मोहोळ

मधमाश्यांचा स्वभाव बदलणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी आमच्या इंझोरीच्या पानठेल्यावर जाहीर करून टाकलं होतं. ऐकणाऱ्यांनी सुपारी थुंकून माना डोलावल्या. मला वाटलं, पटलं त्यांना.

मानोऱ्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळं मला कुठलीही गोष्ट लवकर कळते. मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात सरांनी आनुवंशिकतेवर भलंमोठं भाषण दिलं, तेव्हा बाकीचे पेंगत होते. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. राणी माशी म्हणजे ओरिजिनल आणि बाकीच्या माश्या म्हणजे तिच्या झेरॉक्स! ओरिजिनलवर डाग असला, तर तो प्रत्येक कॉपीवर येणारच.

आणि आमच्या राणीवर तर डागच डाग होते. घरामागच्या वावरात आम्ही कांद्याचं बियाणं घेतो. गोंडे फुलले की त्यांच्यावर माशी बसायला हवी, नाहीतर बी भरत नाही. म्हणून हौसेनं मधपेटी आणली. पण त्या माश्या म्हणजे उधारी मागायला आलेल्या सावकारासारख्या, दारात दिसेल त्याच्या अंगावर यायच्या. दूधवाला फाटकाबाहेरूनच भोंगा वाजवायचा. माझी बायको रत्नमाला हेल्मेट घालून धुणं वाळत घालायची. गावात कुणाचा ओठ सुजलेला दिसला की लोक विचारायचे, संघपालकडं गेला होतास का?

जिला त्या माश्या चावत नसत अशी एकच व्यक्ती घरात होती, माझी धाकटी बहीण धम्मदीपा. पेटी साफ करणं, मेणकिडा लागला का ते बघणं, फुलं नसतील तेव्हा साखरपाणी ठेवणं, हे सगळं तीच करायची. मी मार्गदर्शन करायचो.

मी ठरवलं, जुनी राणी काढायची आणि शांत वंशाची नवी राणी आणायची. धम्मदीपाचं म्हणणं वेगळं होतं. राणी निरोगी आहे, अंडी भरपूर घालते. शेजारच्या वावरातल्या औषधाच्या फवाऱ्याचा वास थेट पेटीवर येतो म्हणून माश्या पिसाळतात, तेव्हा पेटी हलव, असं तिनं मला परोपरीनं सांगितलं. मी तिला म्हटलं की आनुवंशिकता हा विषय असा ऐकून येत नसतो, त्याला अभ्यास लागतो. तिनं जीवशास्त्र घेऊनच बी.एस्सी. केलं होतं. पण बोलण्याच्या भरात मला ते आठवलं नाही.

नवी राणी पार्सलनं आली ती नेमकी धम्मदीपाला बघायला पाहुणे येणार त्याच सकाळी. किन्हीराजाचे देवमनभाऊ, त्यांच्या पत्नी चंपाबाई आणि वाशीमला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा रविकांत. आज पाहुण्यांसमोर मधमाशीचं नाव काढायचं नाही, अशी मी धम्मदीपाला ताकीद दिली. चावरी पेटी ज्या घरात आहे, तिथली मुलगी कोण करणार? त्याआधीच पेटी शांत झालेली बरी, म्हणून मी लगेच कामाला लागलो.

जुनी राणी सापडली. सर म्हणाले होते, तिचं डोकं चिमटीत दाबायचं. मी तिला चिमटीत धरलं. तिनं मिशा हलवून माझ्याकडं बघितलं. आता खोटं कशाला सांगू, मला काही ते जमलं नाही. मी तिला रिकाम्या काडेपेटीत ठेवलं, वाऱ्यासाठी फट ठेवली आणि काडेपेटी जाकिटाच्या आतल्या खिशात टाकली. दुपारी लांब कुठंतरी सोडून येऊ म्हटलं. मग नव्या राणीचा बोटभर पिंजरा पेटीतल्या पोळ्याच्या फळ्यांच्या मधे अडकवला. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. मी जाकीट खुंटीला अडकवलं आणि नवीन शर्ट घालून हसतमुखानं बाहेर आलो.

देवमनभाऊ म्हणजे शांत माणूस. बोलण्याआधी थोडं थांबायचे, जणू शब्द वाळवून मग वापरायचे. पोहे खाताना गोष्ट निघाली ती कांद्याच्या बियाण्याची. गेल्या साली त्यांच्या वावरात माशीच फिरकली नव्हती. भर फुलोऱ्यात औषध मारलं होतं, ते भोवलं. शेवटी बाया लावून गोंडे हातानं चोळून घेतले, तरी निम्मं बी पोचट निघालं. हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला.

आता सांगा, अशा वेळी मी गप्प कसा बसणार? माझी ताकीद मी स्वतःच विसरलो. राणी, वंश, ओरिजिनल, झेरॉक्स, सगळं हातवारे करून सांगायला लागलो. राणी उडते कशी हे दाखवताना माझा हात देवमनभाऊंच्या कपाला लागला आणि सगळा चहा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर सांडला.

मी पाणी आणायला धावलो. रत्नमाला माझ्यापेक्षा चपळ. तिनं खुंटीवरचं जाकीट काढून, डाग झाकायला हे घाला, म्हणून त्यांना दिलंसुद्धा. मी तांब्या घेऊन परत आलो तर देवमनभाऊ जाकिटाची शेवटची गुंडी लावून उठले होते.

"चला," ते म्हणाले, "पाहू तं तुमच्या माश्या."

माझ्या हातातला तांब्याच गार पडला. जाकीट द्या म्हणावं तर कसं? खिशात माझी राणी आहे म्हणावं तर बायकोसमोर कसं? मी त्यांच्यामागं घुटमळत चाललो. चंपाबाई आणि रत्नमालाही निघाल्या. रविकांतला मोबाईल चार्ज करायचा होता, तो गाडीत जाऊन बसला.

आम्ही पेटीजवळ पोचलो. सकाळपासून आई हरवलेल्या माश्या दाराशी सैरावैरा फिरत होत्या. आत नवी राणी होती, शांत वंशाची, पार्सलचं भाडं भरून आणलेली. तिच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. एक माशी देवमनभाऊंच्या छातीवर बसली. मग आणखी काही आल्या. मग जे झालं ते बघून माझे डोळे पांढरे झाले. पेटीच्या तोंडातून उकळत्या दुधासारख्या माश्या उतू आल्या आणि देवमनभाऊंच्या छातीवर जमू लागल्या. जाकीट दिसेनासं झालं. हनुवटीखाली दाढीसारखं मोहोळ लोंबायला लागलं. देवमनभाऊ देवळातल्या खांबासारखे उभे. फक्त डोळे माझ्याकडं वळलेले, आणि त्या डोळ्यांत जे होतं ते मी जन्मात विसरणार नाही.

मी त्यांना वाचवायला पुढं झालो, असं मला अजूनही वाटतं. प्रत्यक्षात मी गुरांच्या पाण्याच्या हौदात होतो. कसा पोचलो ते सांगता येणार नाही. कानाला, नाकाला आणि ओठाला मिळून भरपूर प्रसाद मिळाला होता.

चंपाबाईंनी एक किंकाळी फोडली आणि बांधावर ठेवलेला शेजाऱ्याचा फवारणी पंप उचलला. नळी नवऱ्याच्या छातीवर रोखली. आता पंपाची कळ दाबणार, एवढ्यात घरातून धम्मदीपा पळत आली, अनवाणी, पदर खोचलेला. तिनं नळीच्या तोंडावर हात ठेवला.

"काकू, खाली ठेवा थे. औषध हाय त्यात. माश्या तं मरतीनच, काकाच्या नाकातोंडातबी जाईन."

चंपाबाईंनी पंप खाली ठेवला. धम्मदीपा देवमनभाऊंच्या समोर गेली. डोळे आणि तोंड मिटा, हळूहळू श्वास घ्या, हलू नका, एवढंच तिनं त्यांना सांगितलं. मग वळून बघितलं तिनं माझ्याकडं.

"दादा, जाकिटात काय हाय?"

"राणी," मी हौदातून म्हणालो.

"कोन्ती?"

"जुनी."

  रत्नमालेकडून तिनं गोवरीचा धूर मागवला, हलकासा दिला. मग नुसत्या हातांनी, माश्या बाजूला सारत, एक एक गुंडी काढली. जाकीट त्यांच्या खांद्यावरून असं उतरवलं, जसं झोपलेल्या बाळाला मांडीवरून खाली ठेवतात. ते पेटीच्या झाकणावर पसरलं, काडेपेटी काढली, आधी नव्या राणीचा पिंजरा बाहेर घेतला आणि जुनीला तिच्या घरात सोडलं. थोड्या वेळानं माश्या पाऊस पडून गेल्यावरच्या गर्दीसारख्या आपापल्या घरी निघाल्या.

देवमनभाऊंनी डोळे उघडले. त्यांना एकही माशी चावली नव्हती. ते कितीतरी वेळ स्वतःच्या छातीकडं बघत राहिले. मग खाली बसले. चंपाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत रडत होत्या. मी हौदातून बाहेर येऊन माफी मागायला लागलो, पण माझा ओठ एवढा सुजला होता की माझं मलाच समजत नव्हतं.

सोयरीक मोडली, हे मी मनात धरूनच चाललो होतो. पण निघताना देवमनभाऊ थांबले, शब्द वाळवले, आणि म्हणाले की पोरगी आम्हाला पसंत आहे. चंपाबाईंनी तर तिला पोटाशी धरलं. माझा जीव भांड्यात पडला. आणि तिथून लगेच बाहेर आला, कारण धम्मदीपा हात जोडून उभी राहिली.

"काका, तुमी लय चांगले हा. पन मले हे जमनार नाई," ती म्हणाली. "तुमच्या अंगावर मोहोय बसलं होतं अन् तुमचा पोरगा गाडीच्या काचा वर करून राह्यला होता."

 रविकांतनं मोबाईलकडं बघितलं. तो पूर्ण चार्ज झाला होता. देवमनभाऊंनी पोराकडं बघितलं, धम्मदीपाकडं बघितलं, आणि मान खाली घालून गाडीत बसले.  

माझी सूज उतरेपर्यंत मी दुकान उघडलं नाही. दरम्यान धम्मदीपानं पेटी फवाऱ्याच्या वाऱ्यापासून लांब लिंबाखाली हलवली. थोड्या फळ्या वेगळ्या काढून नव्या राणीला तिनं दुसरी पेटी करून दिली. दोन्ही पेट्या भरून वाहायला लागल्या. शेजाऱ्यालाही जाऊन सांगून आली की फुलोऱ्यात औषध मारू नका, मारायचंच तर माश्या घरी परतल्यावर मारा. त्यानं ऐकलं. मी सांगायचो तेव्हा ऐकत नव्हता. दूधवाला पुन्हा थेट दारापर्यंत यायला लागला. रत्नमालेनं हेल्मेट माळ्यावर टाकलं.

आणि एक दिवस फोन वाजला. मी उचलला. देवमनभाऊ होते. म्हणाले, सोयरीक राहू द्या, ते पोरीच्या मनावर. पण आमच्या किन्हीराजाच्या वावरात गोंडे फुलायला आलेत. या साली फुलोऱ्यात फवारणार नाही म्हणून शब्द दिलाय आजूबाजूच्या सगळ्यांनी. पेट्या ठेवायच्या आहेत. कुठं ठेवायच्या, कशा सांभाळायच्या, सगळं शिकायचं आहे.

माझा ऊर भरून आला. मी खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि म्हणालो की योग्य माणसाला फोन लावलात, आनुवंशिकतेपासून सुरुवात करू.



"तुमी कोन बोलून राह्यले?"

"मी संघपाल. धम्मदीपाचा भाऊ."

पलीकडं त्यांनी शब्द वाळवले. या वेळी जरा जास्तच.

"घरात," देवमनभाऊ म्हणाले, "दुसरं कोनी हाय काय?"