उसाची मालकीण

जगात समता आणणं किती सोपं आहे, हे मला विसाव्या वर्षीच कळलं होतं! साल एकाहत्तर. नगरच्या कॉलेजातून सुट्टीला पुणतांब्याला आलो होतो. तेव्हा गरिबी हटवायच्या गप्पा पानाच्या टपरीवरसुद्धा रंगायच्या. सुरुवात कुठून करायची, एवढंच माझं ठरायचं होतं.

आमच्याकडे खंडोबाच्या जत्रेची वर्गणी उंबऱ्यामागे सारखी, पाच रुपये. चाळीस एकर ऊसवाले माझे वडील काकासाहेब, म्हणजे आमचे दादा, पाच देत, आणि त्याच उसाला पाणी देणारा भीमाही पाचच. त्याची ती दोन दिवसांची मजुरी! त्या वर्षी तो देवळाच्या पायरीवर हिरमुसून बसला होता.

"औंदा जमंना. पन वर्गनी न्हाई दिली, तर पालखी आमच्या दारात थांबंल व्हय?"

मी देवळात वर्गणीच्या भर बैठकीत उभा राहिलो. "ज्याची मिळकत मोठी, त्याची वर्गणी मोठी! उसाच्या एकराला दहा रुपये. मजुरानं फक्त सव्वा रुपया द्यायचा, आणि पालखी सगळ्यांच्या दारात थांबेल!"

केवढ्या टाळ्या पडल्या! बागायतदार तेवढे हात चोळत बसले.

"चारशे रुपये?" दादा ताडकन उठले. "आरं, माझा कुठं हाय ऊस? समदा तुझ्या आईचा! हीर बी तिचीच. मी आपला तिच्या वावरात राबतो."

"मंग उचला बेलभंडारा!" गहिनीनाथ गुरव म्हणाला.

बाईमाणसाकडे वर्गणी मागायला कोण जातंय, असा दादांचा हिशेब. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन त्यांनी देवासमोर खणखणीत शपथ घेतली.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई दारातच उभी.

"अवो, ऊस माझा हाय म्हनं?"

"अगं, ते आपलं बोलन्यापुरतं!"

"बेलभंडारा उचलून खोटं बोललात?" आईचा आवाज चढला. "लेकराबाळांचं घर हाय!"

दादांना घाम फुटला. खोटं म्हणावं तर खंडोबा, खरं म्हणावं तर आई!

"न्हाई, न्हाई... खरंच हाय की," ते पुटपुटले.

"मंग आना किल्ल्या."

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई, म्हणजे आमची आई, नऊवारीचा पदर खोचून देवळात गेली आणि चारशे रुपये मोजून आली. जत्रेत पालखी भीमाच्या झोपडीपुढे थांबली, तेव्हा तो भंडाऱ्यानं पिवळा होऊन ढसाढसा रडत होता. तशी जत्रा मी पुन्हा पाहिली नाही.

पुढे दादा रोज सकाळी आईपुढे हात पसरायचे. "मालकीनबाई, तंबाखूला चार आने?"

"मिळकत किती तुमची?" ती विचारायची, आणि दोघंही हसत सुटायची. आज दोघंही नाहीत.

त्या सुट्टीत मी मात्र खुशीत होतो. माझी योजना फत्ते! सुट्टी संपली, ट्रंक उचलून बाहेर आलो, तर ओट्यावर माझी सायकल नाही!

"आई, सायकल?"

"चांगुणाला दिली. भीमाची पोर तीन मैल चालत शाळंत जाती. तूच म्हनला न्हवं, ज्याच्याकडं जास्त त्यानं द्यायचं?"

"अगं, पण मी स्टेशनवर कसा जाऊ?"

"चालत!"

समतेवर माझा आजही विश्वास आहे. फक्त ती दादांपासून सुरू होऊन दादांपाशीच थांबावी, एवढाच माझा मूळ विचार होता!