आबांची चांदणी

आमच्या शेजारचे आबा कुठल्याही वस्तूकडं बघून एकच प्रश्न विचारतात. "हे रिकामं हाय का?" तेलाचा डबा अर्धा भरलेला असला तरी विचारतात. गेल्या डिसेंबरात तर मी चहा पीत होते आणि ते माझ्या हातातल्या कपाकडं बघत उभे होते.

अंथुर्णे गावात त्यांचं आणि आमचं घर एकाच अंगणात आहे. उसाची शेती, करडा आवाज, सत्तरी ओलांडलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दसऱ्याला दाराला तोरण बांधायचं तरी मला हाक मारणारा हा माणूस. त्यानं टाकाऊ सामानातून नाताळाची सजावट करायला घेतली, आणि टाकाऊ सामान म्हणजे बहुतेक माझंच सामान.

त्याचं झालं असं. आबांच्या एकुलत्या एका मुलानं, संतोषनं, पुण्यात आपल्याच ऑफिसातल्या रेबेकाशी लग्न केलं. मुलगी नगरकडची, ख्रिश्चन. आबा लग्नाला गेले नाहीत. पुढं येणंजाणं सुरू झालं, पण सुनेशी थेट बोलणं नाही. ती समोर बसलेली असली तरी मला म्हणायचे, "शालन, तिला इचार, जेवली का." ती मला म्हणायची, "जेवले म्हणावं." मी आपली मध्ये उभी, दोन्हीकडची माणसं हाताच्या अंतरावर.

त्या दिवाळीला रेबेका आली तेव्हा तिला सातवा महिना होता. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता प्रवास करायचा नाही, पडून राहायचं. संतोष शनिवार-रविवार यायचा. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळं आईलाही येता येईना. एका संध्याकाळी ती मला सहज बोलली की लग्न झालं तरी नाताळ तिनं कधी माहेराबाहेर केला नव्हता. आई करंज्या करते, दाराला घरीच केलेली चांदणी लावते. आबा ओसरीवर पेपर वाचत होते. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी भांडी घासायची तारेची घासणी गायब झाली. मग आबा तेलाच्या पत्र्याच्या डब्यासाठी दारात येऊन बसले. हलेचनात. शेवटी मी तेल दोन पातेल्यांत ओतून डबा दिला. दुधाच्या पिशव्या धुऊन त्यांनी माझ्या दोरीवर, माझ्या साड्यांच्या मध्ये वाळत घातल्या. रेबेकाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, लग्नपत्रिका, बाटल्यांची बुचं, काही सुटलं नाही. दुपारी मी जरा पडले की गोठ्यामागं ठोकाठोकी सुरू. रेबेकानं विचारलं की मला खोटं सांगावं लागायचं, गोठ्याचा पत्रा बदलतायत म्हणून.

नाताळाच्या झाडासाठी त्यांनी माझा खराटा नेला. नवा होता. तो उलटा करून डब्यात रोवला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावून उरलेला हिरवा रंग फासला. सांताक्लॉजला लाल कापड हवं होतं, तर माझा ब्लाऊज. मी म्हटलं, आबा, तो मी घालते. ते म्हणाले, "हूक तुटलाय की." उशीतला कापूस काढून त्याला दाढी लावली आणि सुकायला कुंपणाशी उभा केला. जाणाऱ्या-येणाऱ्यांना ते बुजगावणं वाटलं. एकानं गाडी थांबवून इलेक्शनला कोण उभं राहिलंय म्हणून चौकशी केली.

मी वैतागले. स्पष्ट सांगितलं की बारामतीच्या बाजारात तयार चांदण्या टांगल्यात, उद्या जाऊन आणते, पण माझं घर सोडा. आबा पत्रा कापत होते. मान वर न करता म्हणाले, "तिच्या आईनं इकत आणली व्हती का?"

मी घरात आले. येताना पाहिलं, आबांच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. पत्र्यानं कापलं असणार.

नाताळच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मी रेबेकाचा हात धरून तिला ओसरीवर आणलं. दारावर चांदणी पेटली होती. डब्याच्या पत्र्याची, खिळ्यानं भोकं पाडलेली, आत बल्ब. एक टोक बाकीच्यांपेक्षा लांब, दुसऱ्यावर तेलाच्या कंपनीचं अर्धं नाव. दुधाच्या पिशव्यांच्या फुलांची माळ. हिरव्या खराट्यावर गोळ्यांची पाकिटं चमकत होती. रेबेकानं त्यातलं एक हातात घेतलं, ओळखलं, आणि खाली खुर्चीवर बसली. मग तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं फिरवून दाखवलं. आईनं विचारलं, कुणी केलं गं?

आबा गोठ्याशी म्हशीला वैरण टाकत होते. टाकलेलीच वैरण पुन्हा पुन्हा सारखी करत होते.

"आबा," रेबेकानं हाक मारली. मला निरोप न देता. "आईला तुमच्याशी बोलायचंय."

ते उभेच राहिले. मग हात धुतले, पायसुद्धा धुतले, टोपी नीट केली आणि ओसरीच्या पायरीशी येऊन फोनसमोर उभे राहिले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "लग्नाला आलो न्हाय, ते माझं चुकलं. पोरीला सणाला धाडता आलं न्हाय. जसं जमलं तसं हितं केलंय. व्याह्यांना बरं वाटलं की दोघं हिकडं या."

रेबेकाच्या आईनं डोळ्याला पदर लावला आणि फोन पलंगाकडं वळवला. उशीवरच्या तिच्या वडिलांनी चालणारा एक हात कष्टानं कपाळापर्यंत नेला. आबांनी हात जोडले.

तेवढ्यात रेंज गेली आणि फोन बंद पडला. रेबेकानं तो मांडीवर ठेवला. आबा मात्र तसेच हात जोडून, मान खाली घालून उभे होते. कॉल कट झालाय, हे त्यांना तिनंही सांगितलं नाही, मीही नाही.